अंड्यांच्या फळीसमोर अकरा मिनिटं

अंड्यांशी माझा व्यक्तिशः फारसा संबंध नाही. डॉक्टरांनी आठवड्याला दोन ठरवून दिली आहेत, आणि त्यातलं एक मार्लीन, म्हणजे माझी बायको, खिम्याच्या वडीत घालून परस्पर संपवते. तेव्हा देशात अंड्यांचा भाव काय होतो याची काळजी करायचं मला काहीच कारण नव्हतं. पण माणूस निवृत्त झाला की त्याला काळजी करायला कारण लागत नाही.

सुरुवात माझ्या दोस्ताने, नॉर्बने केली. ईस्टरच्या आधीचे उपासाचे शुक्रवार आले की क्लीव्हलंडजवळच्या आमच्या पार्मात सगळे चर्चच्या तळघरात जमतात. तिथे तळलेला मासा असतो, पिरोगी म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या असतात आणि दुसऱ्यांच्या ऑपरेशनांच्या हकिकती असतात. नॉर्बने चाळीस वर्षं क्लीव्हलंडची बस चालवली आहे, त्यामुळे कुठल्याही विषयात तो मधेच चढतो आणि मधेच उतरतो. त्या वर्षी कोंबड्यांत रोग पसरला होता आणि अंडी इतकी महागली होती, की चर्चच्या केकविक्रीत बायका केकपेक्षा अंडी किती घातली तेच जास्त सांगत होत्या. नॉर्बने माशाच्या ताटावरून फोन पुढे केला.

"हे बघ, जीन. इथे लोक अंड्यांच्या भावावर पैसे लावतात."

"म्हणजे जुगार."

"जुगार नव्हे रे, भाकितांचा बाजार. जुगार असता तर फादरसमोर फोन काढला असता का मी?"

फादर पलीकडच्या टेबलावर बिंगोची तिकिटं विकत होते, तेव्हा मी चष्मा चढवला.

प्रश्न साधा होता. मार्च महिन्यात डझनभर अंड्यांचा देशातला सरासरी भाव सहा डॉलरच्या वर जाईल का? 'हो'चं तिकीट अठ्ठावन्न सेंटला मिळत होतं आणि 'नाही'चं बेचाळीसला. दहा एप्रिलला सरकार आपला आकडा जाहीर करणार. ज्याचं खरं ठरेल त्याला तिकिटामागे एक डॉलर, दुसऱ्याच्या हाती भोपळा.

"आणि हे भाव ठरवतंय कोण?" मी विचारलं.

"न्यूयॉर्कची पोरं. कॉम्प्युटरवर."

"त्यांनी जन्मात कधी अंडं विकत घेतलंय? ती ऑम्लेट विकत घेतात."

हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं, आणि तिथेच घात झाला. मी चौतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले आहेत. तळघरात, झुडपात, बर्फाखाली, जिथे मीटर तिथे मी. एवढ्या वर्षांत माझ्या हातून चुकीचा आकडा एकदाच लिहिला गेला, आणि तेव्हा एक कुत्रं माझ्या पोटरीला लटकलेलं होतं. कॉम्प्युटरवरच्या पोरांनी आकड्यांच्या बाबतीत मला शिकवावं, हे काही मला सहन होण्यासारखं नव्हतं.

घरी येऊन त्या बाजारात खातं उघडायला घेतलं. त्यांना माझ्या वाहन परवान्याचा फोटो हवा होता आणि शेजारी माझा आत्ताचा चेहरा. यंत्राने तीन वेळा सांगितलं, की चेहरा जुळत नाही. सदुसष्टाव्या वर्षी आपला चेहरा आपलाच आहे हे सिद्ध करत रात्रीचं जेवण थंड करणं, यासारखी दुसरी मानहानी नाही. मार्लीन म्हणाली, "परवान्यावर बघ किती रडका दिसतोयस. तसा बस." तसा बसलो, तर लगेच जुळला. तेव्हापासून मी कामाला लागलो.

कामाला लागलो म्हणजे रोज सात दुकानं. खिशात वही, कानावर पेन्सिल, आणि प्रत्येक दुकानात अंड्यांच्या फळीसमोर पाच मिनिटं. बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्ला द्यायला तर कोणालाच वेळ लागला नाही. समोरचा निवृत्त पोलीस म्हणाला, तपकिरी अंडी धरू नकोस, ती श्रीमंतांची. कोपऱ्यावरची परिचारिका म्हणाली, अठराचा डबा बाराने भागून बघ, त्यात लबाडी असते. टपाल टाकणारा बारा वर्षांत कधी फाटकाच्या आत आला नव्हता, तो ओसरीवर बसून आपल्या चुलतभावाच्या कोंबड्यांबद्दल बोलला. त्या मेल्या होत्या. माझं मन त्याने दुःखी केलं, पण माहिती काही मिळाली नाही.

चौथ्या दिवशी मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाच्या मॅनेजरने मला अडवलं. गॅलो त्याचं नाव. माणूस तसा सभ्य, पण टाय फार घट्ट बांधतो.

"आजोबा, तुम्ही रोज येता, अंड्यांकडे बघता, काहीतरी लिहिता आणि जाता. तुम्ही समोरच्या दुकानाचे आहात का?"

"मी कोणाचाच नाही," मी म्हणालो.

"मग एखादं अंडं तरी घ्या. गिऱ्हाइकं विचारतात, त्या गृहस्थांना काही झालंय का."

मार्लीनचंही तेच म्हणणं होतं. "रोज सात दुकानं फिरतोस आणि घरात अंडं नाही. ईस्टरची अंडी आत्ताच आणून ठेव. मागच्या वर्षी ऐन आठवड्यात फळ्या रिकाम्या होत्या. सगळ्या बायका यंदा महिनाभर आधीच घेऊन ठेवतायत."

"भाव उतरतायत. थांब जरा. बाजारात घाई करून चालत नाही."

"जीन," ती म्हणाली, "मला एक डझन अंडी हवीयत, कंपनी नकोय."

भाव खरंच उतरत होते. माझ्या सात दुकानांत साडेसहाचे सहा, सहाचे पावणेसहा. मी 'नाही'ची दहा डॉलरची तिकिटं घेतली. पण पक्का माणूस दहा डॉलरवर थांबत नाही, तो पुरावा शोधतो. आणि पुरावा माझ्या घराला लागूनच राहत होता.

आमच्या शेजारी डेलोरिस पेत्रो राहते. वय अडुसष्ट. नवरा स्टीव्ह जाऊन सहा वर्षं झाली. बावीस हिवाळे तिच्या गाडीच्या वाटेवरचा बर्फ मीच माझ्या यंत्राने उडवतो, आणि त्याबद्दल आमच्यात कधी एक शब्द झालेला नाही. मात्र दर ईस्टरला ती दोन पास्का भाजते, एक स्वतःला आणि एक आम्हाला. पास्का म्हणजे ईस्टरचा गोल, गोड पाव. डेलोरिसच्या पास्कात प्रत्येकी बारा बलक पडतात आणि तो आतून झेंडूसारखा पिवळा निघतो. डॉक्टरांचा नियम त्या दिवशी पाळायचा नाही, असं मी आणि डॉक्टर दोघांनीही मान्य केलेलं आहे.

दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी साडेआठला डेलोरिसची जुनी निळी गाडी बाहेर पडायची. 'सरकारी काहीतरी' करते, एवढंच गल्लीला ठाऊक होतं. त्या गुरुवारी मी गॅलोच्या दुकानात शिरलो, तर सूपच्या डब्यांपाशी डेलोरिस उभी. गळ्यात सरकारी बिल्ला, हातात पाटीसारखं यंत्र. डब्याचं वजन वाचायची, किंमत वाचायची आणि यंत्रावर टिपायची. मीटर वाचणाऱ्याला मीटर वाचणारा ओळखू येतो. माझ्या लक्षात आलं, की दर महिन्याला जो सरकारी आकडा जाहीर होतो, तो दुकानादुकानांतून गोळा करणाऱ्या माणसांपैकी एक माझ्या कुंपणापलीकडे राहते.

संध्याकाळी मी तिला कुंपणापाशी गाठलं.

"डेलोरिस, तू दुकानातले भाव टिपतेस."

तिने कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावलं. "जीन, मला त्याबद्दल बोलता येत नाही."

"मी काय कोण परका आहे? फक्त अंडी. वर की खाली? नुसती मान हलव."

"मी शपथ घेतलीय. कुठलं दुकान, कुठली वस्तू, काही सांगायचं नसतं. स्टीव्हलासुद्धा एकोणीस वर्षांत सांगितलं नाही." मग जरा नरमून म्हणाली, "हे काम गेलं ना जीन, तर घराचा कर कुठून भरू मी? आणि मंगळवारी सकाळी उठून करू काय?"

तिने हे इतकं स्पष्ट सांगितलं होतं. मी ते ऐकलंही होतं. तरी घरात आल्यावर माझ्या मनात जे घोळत राहिलं ते एवढंच, की बावीस हिवाळे बर्फ उडवणाऱ्या माणसाला ही बाई साधी मान हलवून दाखवत नाही. राग आला की मी न्यायाधीश होतो. ती सांगत नाही ना? मग नको सांगू दे. बघायला तर बंदी नाही.

शनिवारी योग आला. गॅलोच्या दुकानात मी पाव घ्यायला म्हणून गेलो होतो. खरं म्हणजे पक्षी बघायची दुर्बीण कोटात घालून गेलो होतो. दारातून डेलोरिस आत शिरली. बिल्ला दिसत नव्हता, तो कोटाखाली असणार. शनिवारीसुद्धा सरकार काम करतं, हे पाहून मला कौतुक वाटलं. आमच्या पाणीखात्यात असं कधी घडलं नाही.

ईस्टरची मिठाई म्हणून पिवळ्या साखरेच्या कोंबडीपिल्लांच्या पाकिटांचा एक मनोरा गॅलोने उभारला होता, माझ्या डोक्याइतका उंच. मी त्यामागे उभा राहिलो आणि दोन पाकिटांमधून दुर्बीण लावली. डेलोरिस अंड्यांच्या फळीसमोर थांबली. तिने दुकानाच्या स्वतःच्या छापाचा डझनचा डबा उचलला. किमतीची पट्टी मला दुर्बिणीतून स्वच्छ वाचता आली. चार डॉलर नव्व्याण्णव. तिने डबा उघडून अंडी बघितली. दुसरा डबा उचलला. मग खिशातून छोटं यंत्र काढून त्यावर बोटं चालवली. एक डबा परत ठेवला. पुन्हा यंत्र. पुन्हा तोच डबा उचलला. डोळे बारीक करून पट्टी वाचली. पुन्हा ठेवला. एका डब्याची इतकी कसून तपासणी करणारं सरकार असेल तर देशाची काळजी करायचं कारण नाही, असं मला वाटलं. अकरा मिनिटांनी ती दोन डबे घेऊन गेली. नमुना म्हणून, असं मी धरलं.

चार नव्व्याण्णव. सरकारचा स्वतःचा आकडा. मी घरी येऊन सहाशे डॉलरची 'नाही' तिकिटं घेतली. हे सहाशे डॉलर बर्फयंत्राचं इंजिन बदलायला ठेवलेले होते, पण मार्च संपत आला होता आणि पुढचा बर्फ नोव्हेंबरात. तोवर सहाशेचे चौदाशे होणार होते. मार्लीनला सांगितलं नाही. तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

मी हे गुपित ठेवलं असतं तर फक्त माझंच नुकसान झालं असतं. पण पुढच्या शुक्रवारी चर्चमध्ये नॉर्ब म्हणाला, की 'हो'चा भाव सत्तरवर गेलाय आणि माझी अक्कल गेलीय. मी पिरोगी खाली ठेवली.

"नॉर्ब, माझ्याकडे आतली बातमी आहे."

"कोणाची?"

"माझी शेजारीण सरकारसाठी भाव टिपते. गॅलोच्या दुकानात. चार नव्व्याण्णव टिपलेत तिने. मी डोळ्यांनी बघितलंय."

"अरे वा," नॉर्ब म्हणाला आणि एकदम गप्प झाला. नॉर्ब गप्प झाला म्हणजे काहीतरी करतोय, हे मला चाळीस वर्षांच्या मैत्रीनंतर कळायला हवं होतं. त्या बाजाराच्या पानावर खाली लोकांना गप्पा मारायला जागा असते. तिथे त्याने गावाचं नाव, दुकानाचं नाव आणि 'माझ्या दोस्ताची शेजारीण' असं सगळं लिहून टाकलं. वर माझी बाजू भक्कम व्हावी म्हणून लिहिलं, की बाई एकदम खात्रीची आहे.

सोमवारी सकाळी डेलोरिसच्या दारात एक पांढरी गाडी थांबली. कोट घातलेली एक बाई आत गेली आणि पाऊण तासाने पाटीसारखं ते यंत्र आणि बिल्ला एका पिशवीत घालून बाहेर आली. मंगळवारी साडेआठला निळी गाडी हलली नाही.

दुपारी फोन आला. डेलोरिसच्या शिकागोच्या कचेरीतून एल्डरिज नावाचे गृहस्थ बोलत होते. आवाज अतिशय नम्र, आणि नम्र माणसांची मला फार भीती वाटते.

"मिस्टर नोव्होत्नी, मिसेस पेत्रोंचे शेजारी आपणच ना? आमच्या कर्मचाऱ्याने आपल्याला गोपनीय माहिती दिली, अशी त्या बाजारातल्या गप्पांवरून तक्रार आहे. आपलं म्हणणं?"

"तिने काहीही दिलं नाही. ती मान हलवायलासुद्धा तयार नव्हती."

"मग चार नव्व्याण्णव हा आकडा आपल्याला कुठून मिळाला?"

"मी बघितला."

"कुठे?"

माझ्या डोळ्यांसमोर साखरेच्या पिल्लांचा मनोरा उभा राहिला.

एल्डरिज म्हणाले, की लेखी निवेदनाशिवाय चौकशी बंद होत नाही, आणि चौकशी बंद होईपर्यंत मिसेस पेत्रोंना काम नाही, पगार नाही. संध्याकाळी ईमेलवर निवेदनाचा अर्ज आला. माहिती कशी मिळाली, याला तीन पर्याय होते. अ, कर्मचाऱ्याने सांगितली. ब, सरकारी कागदपत्रांतून मिळवली. क, सरकारी यंत्रात बेकायदा शिरून मिळवली. मी फोन केला.

"यात 'बघितली' असा पर्याय नाही."

"नाही, सर. आजवर तशी वेळ आली नव्हती."

"मग मी 'क' वर खूण करू का?"

"अवश्य करू शकता. तो केंद्रीय गुन्हा होतो, म्हणून आधी वकील करा."

"आणि 'अ'?"

"मग मिसेस पेत्रोंची नोकरी जाते."

शेवटी ठरलं, की मी कोरा कागद जोडायचा, त्यात सगळं खरं लिहायचं, आणि दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुरावा म्हणून द्यायचं. म्हणजे मला गॅलोकडे जायचं होतं, आणि त्याआधी मार्लीनला सांगायचं होतं. त्यातलं अवघड कोणतं होतं हे ज्यांचं लग्न झालंय त्यांना सांगायला नको. तिने सगळं ऐकून घेतलं. सहाशे डॉलरही ऐकले. मग कोट घातला आणि म्हणाली, "चल. मीही येते. मला बघायचंय हे."

गॅलोच्या दुकानामागे मांसाच्या शीतघराला लागून एक खोली आहे. तिथे आम्ही चौघं बसलो. मी, मार्लीन, गॅलो आणि फोनवर एल्डरिज. पडद्यावर शनिवारची दुपार सुरू झाली. आपण स्वतःला मागून कसे दिसतो हे देवाने माणसाला दाखवलेलं नाही, त्यामागे काहीतरी दया असावी. मनोऱ्यामागे एक वाकलेला म्हातारा, डोक्यावर पक्षी बघायची टोपी, डोळ्यांना दुर्बीण, आणि दुर्बीण सहा हात लांबच्या अंड्यांवर. तिसऱ्या मिनिटाला त्याने एक पाकीट फोडलं आणि साखरेचं पिल्लू तोंडात टाकलं.

"त्याचे पैसे मी दिले होते," मी म्हणालो.

"नाही दिलेत," गॅलो म्हणाला. मी तिथल्या तिथे एक डॉलर एकोणऐंशी सेंट दिले. त्याने पावतीही फाडून दिली.

"तर आपण एका अडुसष्ट वर्षांच्या विधवेवर दुर्बिणीतून पाळत ठेवत होता," एल्डरिज फोनवरून लिहून घेत म्हणाले. "असंच लिहू ना?"

"अंड्यांवर," मी म्हणालो.

"विधवा अंड्यांसमोर होती, सर."

"लिहा," मी म्हणालो. "विधवेवर लिहा."

चौतीस वर्षं मी लोकांच्या तळघरांत शिरलो, पण कोणी माझ्याकडे संशयाने बघितलं नव्हतं. मी त्या कागदावर सही केली. मार्लीन हसेल अशी मला खात्री होती, निदान हसली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती पडद्यावर डेलोरिसकडे बघत होती. डबा उचलते, ठेवते, पुन्हा उचलते.

दहा एप्रिलला आकडा आला. सहा डॉलर एकोणीस सेंट. माझ्या सात दुकानांत भाव उतरत होते तेव्हा बाकीच्या देशात ते चढत होते. पार्मा म्हणजे देश नव्हे, ही गोष्ट न्यूयॉर्कच्या पोरांना ठाऊक होती आणि मला सदुसष्ट वर्षं इथे काढून ठाऊक नव्हती. नॉर्बने फोन करून सांत्वन केलं. तो म्हणाला, "तुझी चूक नाही, जीन. ती बाईच खात्रीची नव्हती." मी फोन ठेवला, आणि पुढचे दोन शुक्रवार घरीच मासा खाल्ला.

मग एल्डरिजचं पत्र आलं. मिसेस पेत्रो पूर्णपणे निर्दोष आहेत. सदर आकडा कार्यालयाच्या कोणत्याही नोंदीशी जुळत नाही. सदर शनिवारी त्या कामावर नव्हत्या. शनिवारी त्या कधीच कामावर नसतात. पत्राच्या शेवटी मी दिलेल्या सहकार्याबद्दल आभार मानले होते. मी पत्र घेऊन धावतच कुंपणापाशी गेलो. ती कपडे वाळत घालत होती.

"डेलोरिस, सुटलीस तू."

"हो. मलाही पत्र आलंय," ती म्हणाली. "पण मिस्टर गॅलोंनी सांगितलंय, यापुढे सरकारला भाव देणार नाही, दुकानाचं नाव बाहेर आलं. बाकीच्या दोन दुकानांनीही तेच सांगितलं. दुकानांवर सक्ती नसते ना. कचेरीने मला आता ॲक्रनची दुकानं देऊ केलीत. महामार्गावरून जायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला महामार्गावर गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय. म्हणून मी नको म्हणून कळवलं."

"मी सोडत जाईन तुला. मंगळवारी आणि गुरुवारी. मला तरी काय काम आहे?"

तिने चिमटा लावला. "दुकानात कोणाला बरोबर न्यायची परवानगी नसते, मिस्टर नोव्होत्नी. तुम्ही निवेदन दिलंत, त्याबद्दल आभारी आहे. ते देणं तुम्हाला सोपं गेलं नसेल."

बावीस वर्षं मी तिचा जीन होतो. ती रागावली असती, भांडली असती तर मी माफी मागितली असती, तयारी करून गेलो होतो. पण तिने आभार मानले, आणि आभारांपुढे माफी कशी मागायची असते ते मला माहीत नाही. मी घरात आलो.

रात्री जेवताना मी मार्लीनला म्हणालो, "एक कळत नाही. ती कामावर नव्हती, मग अकरा मिनिटं टिपत काय होती?"

मार्लीनने काटा खाली ठेवला. "तुला खरंच कळलं नाही?"

"नाही."

"टिपत नव्हती रे ती. हिशेब करत होती. एक डबा घ्यायचा की दोन. एक तिच्या पास्काला आणि एक आपल्या." मग म्हणाली, "हे काम नसेल तर तिचं भागत नाही, हे तिने तुला कुंपणापाशी सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. मी दुर्बिणीतून किमतीची पट्टी वाचली, वजन वाचलं, छाप वाचला. जिच्या हातात तो डबा होता तिचा चेहरा सहा हातांवर होता आणि मी तो वाचला नाही. दहा डॉलरच्या खर्चापुढे एक बाई अकरा मिनिटं उभी राहते आणि शेवटी माझ्यासाठी दुसरा डबा उचलते, आणि मी त्याला नमुना म्हणतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी उठून उगीचच नळ घट्ट करून आलो.

तरी यंदा पास्का येणार नाही, हे मी धरून चाललो होतो, आणि मनातून मला तेच बरं वाटत होतं. निदान हिशेब सरळ झाला असता. पण ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ओसरीवर भरतकाम केलेल्या रुमालाखाली ताट ठेवलेलं. दरवर्षी ती घंटी वाजवायची, आत यायची, कॉफी घ्यायची. या वेळी तिने घंटी वाजवली नव्हती.

मी ते ताट आणि रुमाल धुऊन परत द्यायला मार्लीनला पाठवणार होतो. मार्लीन म्हणाली, मी जाणार नाही, तूच जायचं. जाईन म्हणालो. आधी काहीतरी बोलायचं सुचू दे, म्हणालो. मग आम्ही खिडकीशी बसलो. पलीकडे निळी गाडी ज्या वाटेवरचा बर्फ मी उडवतो त्या वाटेवर उभी होती. तिच्या काचेवर आठवड्याभराची धूळ बसली होती.

मार्लीनने सुरी घेतली आणि पास्का मधोमध कापला. आतून तो दरवर्षीसारखाच पिवळा निघाला. डेलोरिसने एकही बलक कमी केला नव्हता.